साठ हजार पॉइंटांची झोप

डोंबिवलीतलं एक जोडपं डोळ्यांसमोर आणा. काका निवृत्त, काकूंचे गुडघे कुरकुरणारे. मुलगी न्यू जर्सीत, सातवा महिना लागलेला. बाळंतपणाला जायचं ठरलंय. डिंकाचे लाडू, मेतकूट, बाळंतशोपा अशी यादी फ्रीजवर चिकटवून झालीय. काका अ‍ॅपवर मुंबई–न्यूयॉर्कची तिकिटं पाहतायत आणि स्क्रीनच्या तळाशी एक पट्टी चमकते : ६०,००० पॉइंट वापरा आणि बिझनेस क्लासमधून प्रवास करा.

काकांच्या खात्यात ७०,००० पॉइंट आहेत. काही मागच्या दोन अमेरिकावाऱ्यांचे, बाकीचे क्रेडिट कार्डावर किराणा, वीजबिल आणि गाडीचा विमा भरून साठलेले.

"तू पुढे झोपून जा," काका म्हणतात. "फुकट तर मिळतंय."

"फुकट मिळतंय तर तुम्हीही या की पुढे," काकू म्हणतात.

काका गप्प. कारण दुसऱ्या खुर्चीला पॉइंट पुरत नाहीत. फुकट वस्तू कधी अपुरी पडत नाही; जी पुरवून वापरावी लागते तिला किंमत असते. मग या साठ हजार पॉइंटांची किंमत किती? आणि तेवढ्यात पंधरा-सोळा तासांची आडवी झोप स्वस्त पडते की महाग? हे कोडं सोडवायला आधी पॉइंट येतात कुठून आणि विमानातली पुढची खुर्ची रिकामी राहते कशी, ते पाहावं लागेल.

पॉइंट येतात कुठून?

१९७८ साली अमेरिकेने विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठवलं. तोवर भाडी जवळपास ठरलेली होती. आता कंपन्यांमध्ये भाव पाडायची चढाओढ सुरू झाली आणि गिऱ्हाईक दर वेळी नव्या दुकानात जाऊ लागलं. ते बांधून ठेवायला अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी ‘अ‍ॅडव्हांटेज’ ही योजना आणली : जितके मैल उडाल तितके मैल खात्यावर जमा, पुरेसे साठले की तिकीट बक्षीस. काही दिवसांतच युनायटेडनेही तेच केलं. आपल्याकडे एअर इंडियाची ‘फ्लाइंग रिटर्न्स’ ही याच कुळातली. आता तिचं नाव ‘महाराजा क्लब’ आहे.

सुरुवातीला हा प्रकार वाण्याच्या दुकानातल्या ‘दहा पाकिटांवर एक मोफत’सारखा होता. पुढे त्याला दुसरं तोंड फुटलं. बँकांच्या लक्षात आलं, की कार्ड वापरायला लावण्यासाठी पॉइंटांसारखं आमिष नाही. मग बँका विमान कंपन्यांकडून घाऊक भावाने पॉइंट विकत घेऊ लागल्या आणि कार्डधारकांना वाटू लागल्या. तुम्ही किराणा भरलात, दुकानदाराने बँकेला कमिशन दिलं, बँकेने त्यातला काही भाग विमान कंपनीला दिला आणि तुमच्या खात्यात पॉइंट पडले. म्हणजे ‘फुकट’ पॉइंटाचे पैसे कुणीतरी आधीच मोजलेले असतात.

हा धंदा किती मोठा झालाय, ते २०२० साली दिसलं. करोनाने विमानं जमिनीवर उभी केली होती, तिकीटविक्री आटली होती. तेव्हा युनायटेडने आपली पॉइंट योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले, तर डेल्टाने त्याच मार्गाने ९ अब्ज. उडत नसलेल्या विमान कंपनीच्या पॉइंटांवर सावकार अब्जावधी द्यायला तयार होते.

हिशेबाच्या वहीत मात्र हेच पॉइंट कंपनीच्या देण्याच्या बाजूला असतात. तिने तुम्हाला सेवा द्यायचं कबूल केलंय, ती द्यायची बाकी आहे. तुम्ही पॉइंट वापरलेत की देणं फिटतं. विसरलात, मुदत उलटली, तरीही फिटतं; दुसऱ्या प्रकारात कंपनीचा खर्च शून्य, एवढाच फरक.

तिसऱ्या घंटेचं गणित

आता खुर्चीकडे वळू. नाट्यगृहात कधी हे पाहिलं असेल : बाल्कनी भरलेली, पण पुढच्या महागड्या रांगांत चार-सहा खुर्च्या मोकळ्या. पहिली घंटा होते, दुसरी होते. डोअरकीपर कुणाला पुढे सरकू देत नाही. तिसरी घंटा झाली, दिवे मंदावले, की तोच माणूस मान वळवतो आणि मागची मंडळी हळूच पुढे सरकतात. पहिल्या घंटेला त्याने सोडलं असतं, तर उशिरा येणाऱ्या पूर्ण पैशांच्या गिऱ्हाइकाला कुठे बसवणार? आणि पडदा उघडल्यावर रिकाम्या खुर्चीचा उपयोग काय?

विमानाचं दार बंद झाल्यावर रिकाम्या खुर्चीची किंमतही शून्य होते. १९७२ साली केन लिटलवुड या ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेज कॉर्पोरेशनमधल्या विश्लेषकाने या डोअरकीपरच्या शहाणपणाला गणिताचं रूप दिलं. ही कंपनी म्हणजे आजच्या ब्रिटिश एअरवेजची पूर्वज. नियम साधा आहे : खुर्ची आत्ता स्वस्तात विकायची का, हे ठरवताना ती पुढे महागात विकली जाण्याची शक्यता किती ते बघा. महाग भाडं गुणिले शक्यता, हा आकडा हातातल्या स्वस्त भाड्यापेक्षा मोठा असेल तर थांबा, लहान असेल तर विकून मोकळे व्हा.

समजा, बिझनेस क्लासचं एका बाजूचं भाडं २,२०,००० रुपये आहे. महिनाभर आधी शेवटची खुर्ची विकली जाण्याची शक्यता ३० टक्के वाटते. म्हणजे कंपनीच्या लेखी तिची आजची किंमत ६६,००० रुपये. तुमच्या पॉइंटांतून तिला त्याहून कमी पैसे सुटत असतील, तर ती खुर्ची तुम्हाला देणार नाही. उड्डाणाच्या आदल्या दिवशी शक्यता ५ टक्क्यांवर उतरली, तर तीच खुर्ची ११,००० ची झाली. आता ती द्यायला हरकत नाही. उलट तुम्ही पुढे सरकलात की तुमची मागची खुर्ची मोकळी होते, ती पुन्हा विकता येते.

म्हणून अ‍ॅपवर ‘बिझनेस क्लासमध्ये १४ जागा शिल्लक’ दिसत असतानाही ‘अपग्रेडसाठी जागा नाही’ असं उत्तर मिळतं. ते खोटं नसतं. विकायच्या खुर्च्यांचा डबा वेगळा, अपग्रेडचा वेगळा. दुसऱ्या डब्यात किती खुर्च्या टाकायच्या हे संगणक रोज नव्याने ठरवतो. दिवाळीच्या तोंडावर, नाताळात, मे महिन्याच्या सुट्टीत तो डबा रिकामा राहिला तर नवल नाही.

पुढे सरकायचे पाच मार्ग

पॉइंट देऊन लगेच पक्कं होणारं अपग्रेड, हा पहिला मार्ग. यात तिकीट घेतानाच किंवा नंतर केव्हाही जागा दिसली की ती तुमची. दुसरा मार्ग प्रतीक्षा यादीचा. नाव लावून ठेवायचं, जागा सुटली तर मिळते. मात्र ही यादी रेल्वेच्या वेटिंग लिस्टसारखी नुसत्या आधी-नंतरच्या क्रमाने सरकत नाही. बहुतेक कंपन्या आधी आपले सोनेरी-रुपेरी दर्जाचे सभासद पाहतात, मग महाग तिकीटवाले, आणि मग नाव आधी कुणी लावलं ते. वर्षातून एकदा उडणाऱ्या माणसाने यादीत नाव जरूर लावावं, पण गुडघ्यांची भिस्त त्यावर ठेवू नये.

तिसरा मार्ग बोलीचा. ‘किती रुपये द्याल?’ असं कंपनी विचारते, तुम्ही आकडा टाकता, उड्डाणाच्या एक-दोन दिवस आधी निकाल कळतो. चौथा, चेक-इनच्या वेळी थेट रोखीचा भाव. आणि पाचवा सगळ्यांच्या स्वप्नातला : इकॉनॉमीची तिकिटं जागांपेक्षा जास्त विकली गेली आणि कंपनीनेच तुम्हाला पुढे ढकललं. हा मार्ग तुमच्या हातात नाही, तेव्हा त्याच्यासाठी इस्त्रीचा शर्ट घालून काउंटरवर गोड बोलण्याचे सल्ले मनोरंजनापुरते वाचावेत.

पॉइंटांच्या मार्गावर एक दगड मात्र हमखास ठेच लावतो. इकॉनॉमीतल्या शेजारशेजारच्या दोन खुर्च्या दिसायला सारख्या असल्या, तरी त्यांची तिकिटं सारखी नसतात. प्रत्येक तिकिटावर एक इंग्रजी अक्षर असतं. त्याला बुकिंग क्लास म्हणतात. चाळीतल्या दोन खोल्या एकाच मापाच्या, पण एक भाड्याची आणि एक मालकीची असावी, तसं हे आहे. भिंती त्याच, हक्क निराळे. सर्वांत स्वस्त अक्षराच्या तिकिटावर अनेकदा अपग्रेड चालतच नाही. चालायचं असेल तर आधी थोडं महाग इकॉनॉमी तिकीट घ्यावं लागतं. काही विमानांत मध्ये प्रीमियम इकॉनॉमी असते आणि पॉइंटांनी एकच पायरी चढता येते. काकांना दिसलेल्या पट्टीवर यातलं काहीच लिहिलेलं नसतं.

एक पॉइंट म्हणजे किती पैसे?

आता पाटी-पेन्सिल घेऊ. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल धरलेत. तुमच्या प्रवासाचे खरे आकडे त्यांच्या जागी भरा. मुंबई–न्यूयॉर्क, एका माणसाचं, एका बाजूचं :

- सर्वांत स्वस्त इकॉनॉमी तिकीट : ५५,००० रुपये
- अपग्रेड चालणारं इकॉनॉमी तिकीट : ६७,००० रुपये
- बिझनेस क्लास तिकीट : २,२०,००० रुपये
- अपग्रेड : ६०,००० पॉइंट अधिक १२,००० रुपये कर व शुल्क
- पूर्ण इकॉनॉमी तिकीट पॉइंटांवर : ४०,००० पॉइंट अधिक ८,००० रुपये

काका पहिला हिशेब असा मांडतात : २,२०,००० चं सुख मिळतंय. ६७,००० आणि १२,००० वजा केले तर १,४१,००० वाचले. भागिले ६०,००० पॉइंट, म्हणजे एका पॉइंटाचे २ रुपये ३५ पैसे वसूल! अपग्रेडच्या जाहिराती याच भागाकारावर उभ्या असतात.

त्यात फट कुठे आहे? काकांनी २,२०,००० रुपये खिशातून कधीच दिले नसते. जे आपण घेणारच नव्हतो त्याची छापील किंमत ‘वाचली’ असं म्हणणं, म्हणजे सेलमध्ये वीस हजारांची साडी बारा हजारांना घेऊन आठ हजार कमावल्याचं सांगणं. घरातून बारा हजार गेलेले असतात.

खरा प्रश्न असा : हेच पॉइंट मी दुसरीकडे कुठे वापरले असते? अर्थशास्त्रात याला संधीमूल्य म्हणतात. एका कामाला पैसे लावताना हातातून निसटलेल्या दुसऱ्या चांगल्या कामाची किंमत. काका-काकू अमेरिकेला जाणारच आहेत, इकॉनॉमीचं तिकीट काढणारच आहेत. ४०,००० पॉइंट आणि ८,००० रुपयांत त्यांचं ५५,००० चं तिकीट येतं. म्हणजे ४७,००० रुपये खरोखर घरात राहतात. भागिले ४०,००० केलं की एका पॉइंटाला सुमारे १ रुपया साडेसतरा पैसे. काकांच्या पॉइंटाचा हा त्यांच्या घरातला भाव, कारण हे पैसे बँकेच्या पासबुकात दिसतील.

आता याच भावाने अपग्रेडचं बिल करू :

- ६०,००० पॉइंट, १.१७५ रुपये दराने : ७०,५०० रुपये
- कर व शुल्क : १२,००० रुपये
- महाग इकॉनॉमी तिकिटाचा फरक : १२,००० रुपये
- एकूण : ९४,५०० रुपये

‘फुकट’ची पट्टी पुसून तिथे ९४,५०० चा आकडा आला. उड्डाण पंधरा तासांचं धरलं, तर तासाला ६,३०० रुपये. आता प्रश्न स्वच्छ झाला : काकूंच्या आडव्या झोपेसाठी काका कपाटातून ९४,५०० रुपये काढून देतील का? उत्तर ‘हो’ असेल, तर पॉइंट खुशाल वापरावेत. ‘छे, एवढे कसे?’ असेल, तर पॉइंटांनीही देऊ नयेत. पैसे तेवढेच जातायत, फक्त ते पॉइंटांच्या वेषात आहेत.

हा वेष फसवतो तो का? अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांना २०१७ चं नोबेल मिळालं. माणूस पैशाचे मनातल्या मनात वेगवेगळे कप्पे कसे करतो, हा त्यांच्या अभ्यासाचा एक मोठा भाग. आपल्या आज्यांना त्यासाठी नोबेलची गरज नव्हती : दुधाचे पैसे या डब्यात, भिशीचे त्या डब्यात, माहेरहून मिळालेले पदराच्या गाठीत. गाठीतल्या पैशांनी घेतलेली बांगडी ‘खर्च’ वाटत नाही. पॉइंट म्हणजे आजच्या माणसाच्या पदराची गाठ. पगाराच्या खात्यातून ९४,५०० काढताना जो हात थरथरतो, तोच पॉइंटांचं बटण सहज दाबतो.

याची दुसरी बाजूही पाहू. ज्याला इकॉनॉमीचं तिकीट पॉइंटांवर मिळतच नाही, किंवा ज्याचे पॉइंट पुढच्या महिन्यात बाद होणार आहेत, त्याच्या पॉइंटाचा घरगुती भाव १ रुपया साडेसतरा पैसे नसतो. तो पंचवीस पैसेही असेल. त्याच्यासाठी हेच अपग्रेड ३९,००० रुपयांत पडतं. सूत्र तेच, उत्तर पार वेगळं.

आणखी एक दार ठोठावून पाहावं. पॉइंट जास्त असतील तर अपग्रेडऐवजी अख्खं बिझनेस तिकीटच पॉइंटांवर किती पडतं ते बघा. समजा, त्याला १,१०,००० पॉइंट आणि १०,००० रुपये लागतात. अपग्रेडमध्ये ६०,००० पॉइंटांशिवाय ७९,००० रुपये रोख जात होते. म्हणजे जादा ५०,००० पॉइंटांनी ६९,००० रुपये वाचवले, पॉइंटाला १ रुपया ३८ पैसे. घरगुती भावापेक्षा हे बरं. अपग्रेडमध्ये पॉइंटही जातात आणि रोखही. ते दोन्ही एका कागदावर मांडल्याशिवाय तुलना होत नाही. एक गोष्ट मात्र अपग्रेडच्या बाजूची : मूळ तिकीट पैशांनी घेतलेलं असल्याने त्यावर नवे पॉइंट साधारणपणे मिळतात, पॉइंटांवर काढलेल्या तिकिटावर सहसा मिळत नाहीत.

सरकारचा वाटा

कर-शुल्काची ओळ अनेकजण न वाचता पुढे जातात. लंडनहून उडताना ती महागात पडते. ब्रिटन देशाबाहेर जाणाऱ्या विमानप्रवाशांवर जो कर लावतो, तो अंतरावर आणि वर्गावर ठरतो. २०२५-२६ साठी लंडनहून मुंबईइतक्या अंतराला इकॉनॉमीत ९० पौंड आणि वरच्या वर्गांना २१६ पौंड असा दर होता. पॉइंट देऊन पुढे सरकलात तरी मधला फरक, त्या दरांनी १२६ पौंड, चुकत नाही. मुंबईहून लंडनला जाताना मात्र हा कर लागत नाही, कारण तो फक्त ब्रिटनमधून निघणाऱ्यांवर आहे. लंडनच्या वारीत एकाच बाजूचं अपग्रेड परवडत असेल, तर हा फरक हिशेबात धरावा.

भारतात इकॉनॉमीच्या भाड्यावर ५ टक्के जीएसटी आहे. वरच्या वर्गांना तो आधी १२ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. बोली लावून किंवा रोखीने अपग्रेड घेताना पडद्यावरचा आकडा कर धरून आहे की कर सोडून, ते आधी तपासावं.

त्या खुर्चीत नेमकं काय मिळतं?

‘बिझनेस क्लास’ हे नाव एकच, पण त्यामागच्या वस्तू अनेक. पूर्ण सपाट होणारा पलंग बिझनेस क्लासमध्ये ब्रिटिश एअरवेजने २००० साली आणला. त्याआधी तिथे आरामखुर्च्याच होत्या. आज लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानांत पलंग ही साधारण अपेक्षा असते. मुंबई–दिल्लीच्या दोन तासांच्या लहान विमानात मात्र बिझनेस क्लास म्हणजे रुंद खुर्ची, गरम जेवण आणि लवकर उतरणं. युरोपातल्या छोट्या अंतरांवर तर खुर्ची इकॉनॉमीचीच, फक्त मधली रिकामी ठेवतात. म्हणून मुंबई–फ्रँकफर्ट–व्हेनिस अशा प्रवासात अपग्रेड कुठल्या टप्प्याचं, हे पाहणं भाग आहे. विमानाचा प्रकार आणि आसनांचा नकाशा बुकिंगच्या वेळी दिसतो. एकाच कंपनीच्या दोन विमानांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

पलंगाने काय साधतं? झोप लागते, पाय पसरता येतात, बाथरूमला जाताना शेजाऱ्याला उठवावं लागत नाही. लाउंज, पुढची रांग, सामान लवकर मिळणं हे वरचे फायदे. जादा सामान नेता येईल असं गृहीत धरू नका. काही कंपन्या अपग्रेडनंतरही मूळ तिकिटाचंच वजन मान्य करतात. लाडवांच्या डब्यांचं वजन करण्याआधी विचारून घ्या.

पलंगाने काय साधत नाही? हवा दोन्ही वर्गांत तीच कोरडी असते, हवेचा दाबही तोच, सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या डोंगरासारखा. न्यूयॉर्कचं घड्याळ भारताच्या साडेनऊ-साडेदहा तास मागे असतं. शरीरातलं घड्याळ जुळायला दिवस लागतात, मग तुम्ही कुठेही झोपलेले असा.

आणि गुडघ्यांच्या निमित्ताने एक महत्त्वाची गोष्ट. लांब प्रवासात पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याला लोक ‘इकॉनॉमी क्लासचा आजार’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार, चार तासांहून लांब प्रवासाने हा धोका साधारण दुप्पट होतो. तरीही तो चार तासांवरच्या उड्डाणांत सुमारे सहा हजारांत एक इतकाच आहे. कारण इकॉनॉमी वर्ग नसून एका जागी न हलता बसणं आहे. बस, रेल्वे, मोटार यांतही तेच घडतं. म्हणजे तासा-दोन तासांनी उठून चालणं आणि बसल्या बसल्या घोटे फिरवणं, यांना एकही पॉइंट लागत नाही. आधी गाठ झालेली असेल किंवा नुकतं ऑपरेशन झालं असेल, तर अपग्रेडच्या आधी डॉक्टरांना विचारावं.

झोपेची किंमत उड्डाणाच्या वेळेवरही ठरते. रात्री निघून सकाळी पोहोचणाऱ्या विमानात पलंग कामाला येतो. दिवसाउजेडी निघालेल्या विमानात माणूस तीन सिनेमे पाहतो आणि तेवढ्याचे पॉइंट मोजतो. जाताना-येताना दोन्हींना पुरत नसेल, तर जिथे रात्र आहे ती बाजू निवडावी.

मग पॉइंट साठवून ठेवायचे?

इथे मराठी घराचा स्वभाव आडवा येतो. चांगली वस्तू आपण ठेवणीत टाकतो. पैठणी ठेवणीत, चांदीचं ताट ठेवणीत, पाहुण्यांच्या कपबशा काचेच्या कपाटात. पॉइंटही तसेच ‘कधीतरी मोठ्या कामाला’ ठेवले जातात. पण पैठणी वीस वर्षांनी पैठणीच राहते. पॉइंट हापूसच्या पेटीसारखे असतात. पेटी उघडायला उशीर केला की तळचे आंबे आधी जातात.

एक तर मुदत. उदाहरणार्थ, सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर योजनेत जमा झालेले माइल्स तीन वर्षांनी बाद होतात. दुसरं, भाववाढ. आज साठ हजारांना मिळणारं अपग्रेड उद्या पंचाहत्तर हजारांना मिळेल असं कंपनी एका सूचनेसरशी ठरवू शकते. ठेवीवर व्याज मिळतं, पॉइंटावर नाही.

तिसरी भीती सर्वांत मोठी. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली आणि तिच्या ‘किंग क्लब’च्या पॉइंटांना कुणी वाली राहिला नाही. जेट एअरवेजचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईकडे निघालं. तिची पॉइंट योजना वेगळ्या कंपनीत असल्याने माइल्स लगेच मेले नाहीत. ‘इंटरमाइल्स’ या नव्या नावाने ते उरले. पण ज्या जेटच्या पुढच्या खुर्चीसाठी लोकांनी ते साठवले होते, ती खुर्चीच उडायची थांबली होती. विस्ताराच्या सभासदांचं नशीब त्यामानाने बरं. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती एअर इंडियात विलीन झाली आणि त्यांचे पॉइंट नव्या योजनेत गेले.

म्हणून धोरण असं असावं : पॉइंट विमान कंपनीच्या खात्यात वर्षानुवर्षं मुरवू नयेत. दोन-तीन वर्षांतला ठरलेला प्रवास डोळ्यांसमोर ठेवून ते खर्च करावेत. बँकेच्या कार्डावरचे पॉइंट अनेक विमान कंपन्यांकडे वळवता येत असतील, तर जागा मिळाल्याची खात्री होईपर्यंत बँकेतच राहू द्यावेत. एकदा वळवले की सहसा परत येत नाहीत.

---

चौकट : बटण दाबण्याआधी

१. माझं इकॉनॉमी तिकीट अपग्रेड चालणाऱ्या वर्गातलं आहे का? नसेल तर फरक किती?

२. जागा आत्ता पक्की होतेय, की प्रतीक्षा यादी? न मिळाल्यास पॉइंट केव्हा परत येतील?

३. माझ्या पॉइंटाचा घरगुती भाव काय? (पॉइंटांवर मी खरोखर काढलं असतं असं तिकीट, त्याची रोख किंमत वजा कर, भागिले पॉइंट.)

४. अपग्रेडचं खरं बिल : पॉइंट गुणिले घरगुती भाव, अधिक कर, अधिक तिकिटातला फरक. याला उड्डाणाच्या तासांनी भागा.

५. एवढे पैसे मी खिशातून दिले असते का?

६. या विमानात खरंच पलंग आहे का, आणि ती रात्र आहे का?

७. रद्द करायची वेळ आली तर पॉइंट परत घेताना काय कापलं जातं?

---

सूत्र एक, उत्तरं दोन

हे सूत्र कुणाला ‘अपग्रेड घेऊ नका’ असं सांगत नाही. पुण्याहून निघून रात्रभर उडणारा आणि सकाळी लंडनला उतरून थेट बैठकीत जाणारा सल्लागार घ्या. त्याचं तिकीट कंपनीने काढलंय, अपग्रेड चालणाऱ्या वर्गातलं. पॉइंट त्याच्या वैयक्तिक खात्यात, वर्षअखेर बाद होणारे, आणि घरच्यांसोबत कुठे जायचा बेत नाही. त्याचा घरगुती भाव जवळजवळ शून्य आणि झोपेची किंमत मोठी. त्याने क्षणभरही विचार करू नये.

काका-काकूंच्या पाटीवर मात्र ९४,५०० उभे आहेत. काका दोनदा बेरीज तपासतात. मग धीर करून म्हणतात, "तरी घेऊ या. गुडघ्यांपुढे पैसे काय?"

काकू चष्मा लावून पाटी जवळ घेतात. तासाला ६,३०० च्या खाली बोट ठेवतात.

"एवढं मोजल्यावर मला झोप लागेल होय? दर तासाला डोळे उघडून बघीन, ६,३०० वसूल झाले का ते. त्यापेक्षा ४०,००० पॉइंटांत माझं तिकीट काढा आणि वाचलेल्यातून दोघांना पाय पसरायला जागा असलेल्या शेजारशेजारच्या खुर्च्या घ्या. मधूनमधून उठवायला तुम्ही बाजूला लागालच."

काका हिशेब करतात. ३०,००० पॉइंट उरतात. ते कधी बाद होतात, ती तारीख ते फ्रीजवरच्या यादीत लिहितात, बाळंतशोपांच्या खाली.